शिलेदाराच्या बायकोचा हिस्सा

ॲन आर्बरमधलं माझं दुसरं वर्ष सुरू होण्याच्या सुमारास माझी रूममेट लग्न करून कॅलिफोर्नियाला गेली आणि मी खोली शोधू लागले. आमच्या केमिस्ट्री विभागाच्या नोटीसबोर्डावर एक कार्ड टाचलेलं होतं. वरच्या मजल्यावरची खोली, बसस्टॉप जवळ, शांत मुलगी हवी. मी शांत होते. अमरावतीला असताना नव्हते, तिथे मला सगळे बोलकी म्हणत. पण दिवसच्या दिवस लॅबमध्ये कुणाशी न बोलता काढायची मला वर्षभरात सवय लागली होती.

घर लाकडी, पांढऱ्या रंगाचं होतं. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका उंच बाईंनी. त्यांनी मला नावाने हाक मार म्हणून सांगितलं, पण आजीच्या वयाच्या बाईंना नावाने हाक मारणं काही मला जमेना. मी तोंडावर मिसेस लावून त्यांचं आडनाव घेत राहिले आणि मनात त्या नुसत्या ‘बाई’ झाल्या.

वर खोली बघायला जाताना आम्ही जेवणाच्या खोलीतून गेलो. तिथे एक लांबलचक टेबल होतं आणि कोपऱ्यातली ताटापुरती जागा सोडली तर ते सगळं कागदांनी भरलेलं. भिंतीवर इंग्लंडमधल्या एका परगण्याचा नकाशा लावलेला. त्यातले काही तुकडे हिरव्या पेन्सिलीने भरलेले, एक पिवळ्या.

"हे माझ्या नवऱ्याचं," बाई म्हणाल्या. "मी त्या कोपऱ्यात जेवते. तुला स्वयंपाकघरातलं छोटं टेबल चालेल ना?"

नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घराण्याचा शोध घ्यायला सुरुवात केली, आणि मागे जाता जाता ते तेराव्या शतकातल्या एका इंग्लिश नाइटपर्यंत पोचले. आपल्याकडे ज्याला शिलेदार म्हणत, स्वतःचा घोडा, स्वतःचं शस्त्र घेऊन चाकरी करणारा, तसाच तो. त्या चाकरीच्या बदल्यात त्याच्याकडे जमीन होती. हिरवे तुकडे ते एका मोठ्या सरदाराकडून मिळालेलं वतन, आणि पिवळा तुकडा म्हणजे थेट राजाकडून मिळालेलं एक गाव. गावात एक गिरणी, ओढ्याकाठी गवताचं कुरण, आणि डोंगराच्या बाजूला थोडं रान. राजेरजवाड्यांच्या गोष्टींत ज्याचं नावही येणार नाही असा हा बेताचा माणूस. पण बाईंच्या नवऱ्याने आयुष्याची शेवटची वर्षं त्याच्या मागे घालवली होती.

"तुमचेही पूर्वज त्याच भागातले?" मी विचारलं.

"माझे नॉर्वेचे. मासे धरणारे," त्या म्हणाल्या. "मला या नाइटशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी काम अर्धं सोडलं, म्हणून मी बसले."

आमचा एक व्यवहार ठरला. इंग्लंडमधल्या परगण्यांचे जुने दस्तऐवज इंग्रजीत उतरवून छापलेले जाडजूड खंड विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. बाहेरच्या माणसाला ते घरी नेता येत नसत, माझ्या कार्डावर नेता येत. बाईंना ग्रंथालयातल्या लाकडी खुर्चीवर फार वेळ बसवत नसे. म्हणून मी खंड आणायचे, त्या वाचायच्या आणि वाचून झाले की मी परत करायचे. पुस्तकं बर्फात भिजू नयेत म्हणून त्यांनी मला एक मेणकापडाची पिशवी शिवून दिली होती.

तो हिवाळा मला अजून आठवतो. सकाळी निघताना अंधार, लॅबमधून परतताना अंधार. माझा प्रयोग पुढे सरकत नव्हता. जो पदार्थ तयार व्हायला हवा तो होत नव्हता, आणि माझे गाइड दारातूनच "काही झालं?" विचारून पुढे जात. मी मान हलवायचे. शनिवार-रविवारी विभागात कुणी नसे. कॉरिडॉरमधल्या दिव्यांचा आवाज ऐकू येई.

दिवाळीला डेट्रॉइटच्या बाजूला एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचं जेवण होतं. कुणीतरी राइड दिली म्हणून गेले. चकल्या होत्या, श्रीखंड होतं, मुलं इंग्रजीत भांडत होती आणि त्यांच्या आया मराठीत रागावत होत्या. एका काकूंनी माझ्या ताटात पुरी वाढली आणि विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"मी एकटीच आहे. पीएचडी करते."

"अगंबाई. एकटी," त्या म्हणाल्या आणि अजून एक पुरी वाढली. बोलण्यात मायाच होती. पण जेवून उठेपर्यंत तीन-चारजणींनी मला तोच प्रश्न विचारला आणि परतीच्या गाडीत मी झोपल्याचं सोंग घेऊन बसले.

घरी आले तेव्हा बाई टेबलाशी होत्या. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. "ये, हे बघ," म्हणून चष्मा कपाळावर सरकवून एक परिच्छेद दाखवला. नाइटने एका मठाला रानातून दरवर्षी दोन गाड्या सरपण न्यायची परवानगी दिली होती, आपल्या आत्म्यासाठी, आईबापांच्या आत्म्यासाठी, आणि बायकोच्या. "बायको शेवटी," बाई म्हणाल्या. मी कोट न काढताच खुर्चीवर बसले. त्या दिवसापासून रविवारी दुपारी त्या टेबलाशी बसायची मला सवय लागली. त्या वाचत, मी माझ्या प्रयोगाच्या वह्या चाळत असे. दोघी मिळून तासाभरात चार वाक्यं बोलत असू.

त्यांच्या नवऱ्याने काढलेली वंशावळ एका रुंद कागदाच्या गुंडाळीवर होती. वर नाइट, त्याच्याखाली त्याचा मुलगा, मग नातू, असं करत करत सतराव्या शतकात जहाजाने अमेरिकेला आलेला एक सुतार, मग ओहायोतला एक शेतकरी, मग मिशिगनमधला त्याचा मुलगा, आणि तळाशी बाईंचा नवरा आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. तो ॲरिझोनात राहायचा. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि बाई दोन मिनिटांत "बरं, बोलू" म्हणायच्या. गुंडाळीवरच्या सगळ्या रेषा शाईच्या होत्या, फक्त एक पेन्सिलीची आणि तुटक. नाइटच्या एका नातवापासून ती रेष निघायची आणि शेजारच्या गावात त्याच आडनावाचा एक शेतकरी होता, त्याच्यापाशी पोचायची. तो शेतकरी त्या नातवाचा मुलगा असं बाईंच्या नवऱ्याने धरलं होतं. पुरावा सापडला की रेष शाईने गिरवायची. तेवढंच काम राहिलं होतं.

मार्चमध्ये, बर्फ घाण होऊन रस्त्याच्या कडेला पडलेलं असताना, मी आणलेल्या एका खंडात बाईंना तो नातू सापडला. राजाची जमीन धरणारा माणूस मेला की त्या काळी राजाचा अधिकारी गावातल्या माणसांना बोलावून पंचनामा करत असे. मेलेल्याकडे काय काय होतं, वारस कोण, त्याचं वय किती, हे सगळं. बाई तो पंचनामा मला मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. अमक्या गावात घर, गिरणीचा अर्धा भाग, कुरण. पंच शपथेवर सांगतात की मयत निपुत्रिक होता, आणि त्याची वारस त्याची बहीण.

वाचता वाचता त्या थांबल्या. मग तेच वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनात.

"दुसरा कुणी असेल त्याच नावाचा," मी म्हणाले.

"गाव तेच आहे. बापाचं नाव तेच आहे." त्यांनी पुस्तक मिटलं. "बहीण वारस. म्हणजे मुलगा नव्हताच. तो शेतकरी कुणीतरी वेगळाच."

त्या उठल्या आणि तळघरात वाळलेले कपडे काढायला गेल्या. बराच वेळ वर आल्या नाहीत. मी खाली डोकावले तेव्हा त्या इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहून टॉवेलाची घडी घालत होत्या, ती मोडून पुन्हा घालत होत्या.

पुढचे दोन-तीन दिवस टेबलावरचं काही हललं नाही. घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं. मला काय करावं कळेना, आणि जे आमच्याकडे करतात तेच माझ्या हातून झालं. डाळीचं पीठ होतं, लसूण होता. मी पिठलं केलं, भात लावला आणि बाईंना हाक मारली. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"हे पिवळं काय आहे?"

मी सांगितलं की आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटवत नाहीत. शेजारचे पिठलं-भात करून आणून देतात.

"पण कुणी गेलं नाही," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. काट्याने थोडं पिठलं चाखलं, अजून थोडं घेतलं. "माझा नवरा गेला तेव्हा शेजारच्यांनी ट्यूना आणि नूडल्स भाजून आणले होते. सात घरांतून तेच. फ्रीजमध्ये जागा नव्हती." जेवण अर्धं झाल्यावर म्हणाल्या, "तो असता तर मी त्याला काय म्हणाले असते माहीत आहे? म्हणाले असते, अरे, जाऊ दे. आणि तो माझ्याशी आठवडाभर बोलला नसता. आता मला कळलंय आणि सांगायला तो नाही. एवढंच वाटतं."

त्यांनी भात परत मागून घेतला.

पण सांगायचं होतंच, नवऱ्याच्या नातेवाइकांना. दर उन्हाळ्यात त्या घराण्याची सगळी मंडळी एका तळ्याकाठच्या पार्कमध्ये जमत. त्या वर्षी बाईंनी वंशावळ घेऊन यायची आणि चार शब्द बोलायचे, असं आधीच ठरलेलं होतं. मला त्यांनी विचारलं, "येशील का? गाडी मी चालवीन. फक्त शेजारी कुणीतरी हवं."

आम्ही गेलो. त्यांची लांबलचक जुनी गाडी, आणि हायवेवर सगळे आम्हाला मागे टाकून जात होते. पूर्ण रस्ताभर त्या काय बोलायचं ते पुटपुटत होत्या. पार्कमध्ये पोचलो तर समोर पन्नासेक माणसं, लहानमोठी, आणि जवळजवळ सगळ्यांच्या अंगावर एकसारखे निळे टी-शर्ट. छातीवर ढाल, ढालीवर तीन पांढरे पक्षी. त्या नाइटची निशाणी. बाईंच्या धाकट्या दिराने ते छापून घेतले होते. तो हसत पुढे आला आणि बाईंच्या हातात एक टी-शर्ट ठेवला. मलाही दिला. "तूही आता घरातलीच," म्हणाला. माणूस फार चांगला होता.

जेवण झाल्यावर दिराने टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. बाई बाकाशी उभ्या राहिल्या. आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. त्यांनी नवऱ्याच्या कामाबद्दल सांगितलं, मग पंचनाम्याबद्दल, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे आपण त्या नाइटचे वंशज नाही. तुमच्या भावाने फार मेहनत केली होती. पण हे खरं नाही, आणि ते मी तुम्हाला सांगितलं पाहिजे असं मला वाटलं."

तळ्यावर कुणाची तरी मोटरबोट चालली होती. मग दीर म्हणाला, "असू दे. शर्ट तर आपल्याकडे आहेत." सगळे हसले. कुणीतरी बाईंच्या पाठीवर थोपटलं, कुणी म्हणालं, छान बोललीस. मुलांनी व्हॉलीबॉलचं जाळं बांधायला घेतलं. बाईंच्या एका जावेने मला विचारलं की बटाट्याच्या सॅलडमध्ये काय घातलंय ते ओळख. पाच मिनिटांत त्या गोष्टीचा मागमूसही राहिला नाही.

परतताना गाडी हायवेला लागल्यावर बाई म्हणाल्या, "ते चिडतील म्हणून मी तयारी केली होती. कोण काय म्हणेल, त्याला मी काय म्हणेन. सगळं पाठ केलं होतं."

"ते चिडले नाहीत हे बरंच झालं."

"हो," त्या म्हणाल्या. "त्यांना काही फरकच पडला नाही. तो दहा वर्षं त्या टेबलाशी बसला होता आणि त्यातल्या कुणालाच फरक पडला नाही." त्यांनी गाडी एका विश्रांतिथांब्यावर घेतली आणि इंजिन बंद करून थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मी व्हेंडिंग मशीनमधून त्यांच्यासाठी कॉफी आणली. ती त्यांनी हातात धरून ठेवली. प्यायली नाही.

मला वाटलं, आता टेबल मोकळं होणार. मी मदतीला खोकीही आणून ठेवली होती. पण पुढच्याच आठवड्यात मी लॅबला निघाले तेव्हा बाई जिन्याशी आल्या. हातात एक चिठ्ठी होती. "हा खंड मिळतो का बघशील? न्यायालयाच्या निकालांचा."

"अजून नाइटच?"

"नाइट नाही. त्याची बायको."

ती त्याची दुसरी बायको होती. नाइट गेला तेव्हा ती तरुण असावी, कारण त्यानंतर ती तीसेक वर्षं जगली. त्या काळच्या कायद्याने नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा विधवेला तिच्या हयातीपर्यंत मिळायला हवा होता. पहिल्या बायकोचा मोठा मुलगा तो देईना. मग ती कोर्टात गेली. एका वर्षी गेली, पुढच्या वर्षी गेली. सावत्र मुलगा तारखेला येतच नसे. कधी म्हणे आजारी आहे, कधी म्हणे ती जमीन बापाची नव्हतीच. बाई हे सगळं मला रविवारी वाचून दाखवत, आणि त्यांच्या आवाजात मी पूर्वी कधी न ऐकलेला जोर आला होता. नवऱ्याचं काम पुरं करायचं म्हणून बसणाऱ्या बाई त्या नव्हत्या आता.

"ऐक. तिला गिरणीचा तिसरा हिस्सा मिळाला. गिरणीचा तिसरा हिस्सा कसा काढतात? जातं तोडून?" त्या हसत होत्या. "दर तिसऱ्या दिवशीचं दळण तिचं. आणि घराचा तिसरा हिस्सा. म्हणजे त्या सावत्र मुलाच्याच घरात, दोन खोल्या आणि अंगणातून विहिरीपर्यंत जायची वाट. कल्पना कर. ज्याच्याशी कोर्टात भांडली त्याच्याच अंगणातून रोज पाण्याला जायचं."

"जिंकली मग ती."

"जिंकली. पण तिचं माहेर कुठलं, ती कुणाची मुलगी, हे कुठेच नाही. नवऱ्याची बायको एवढंच."

मला आमचं घर आठवलं. आमची वरुडजवळ संत्र्याची बाग आहे. वडील मी कॉलेजात असताना गेले, तेव्हापासून बाग काका बघतात. आई त्याच घरात राहायची, मागच्या दोन खोल्यांत. तिची आबाळ कुणी केली नाही, हे मी सांगितलं पाहिजे. काका देवमाणूस. पण दर बहाराला व्यापारी यायचा, ओसरीवर बसून सौदा व्हायचा, आणि आई आतून चहा पाठवायची. सौदा झाल्यावर तिला कळायचं.

आमच्या घरी फोन नव्हता. डॉक्टरांच्या घरी होता, आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी आई तिथे जाऊन बसायची. त्या वेळी मी तिला विचारलं, "आई, बागेच्या सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का गं?"

पलीकडे खरखर. मग ती म्हणाली, "हे काहून विचारतेस तिकडून? थंडी किती आहे? मोजे घालतेस ना?"

"घालते. नाव आहे का?"

"असेल. बाबांच्या मागे चढवलं असेल काकांनी." आणि आवाज खाली आणून, बहुतेक डॉक्टरांच्या बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून, "कुणी काही बोललं का तुला?"

मी तिला ती गिरणीची गोष्ट सांगितली. इंग्लंडची बाई, सातशे वर्षांपूर्वीची, दर तिसऱ्या दिवशीचं दळण. महागड्या फोनवर हे सांगताना मला स्वतःचंच हसू आलं. आई मात्र हसली नाही. "मग दळण घ्यायला ती स्वतः जाई का?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या फोनवर तिने आपणहून सांगितलं. "मी जाऊन आली तलाठ्याकडे. शेजारच्या मास्तरीणबाईंना घेऊन गेली होती. नाव आहे माझं. काकांच्या खाली."

"काका काय म्हणाले?"

"विचारलं, काहून गेली होती. मी म्हटलं, पाहायला." मग ती म्हणाली, "या बहाराच्या सौद्याला त्यांनी मला बाहेर बोलावलं. मी बसली खुर्चीवर. काही बोलली नाही. पण बसली." मग फोन कापला गेला, आणि मी रिसीव्हर हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. बाई टेबलाशी होत्या. मी त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं, बाग केवढी, झाडं किती जुनी, व्यापारी कुठून येतो. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, पुढच्या वेळी बोलायला हवं." मी म्हटलं सांगते. हा निरोप मी आईला दिला तेव्हा ती पहिल्यांदा खळखळून हसली.

त्या सप्टेंबरात बाईंनी एके दिवशी अचानक गाडी काढली. नवऱ्याचा जन्म जिथे झाला ते शेत गावापासून तासाभराच्या अंतरावर होतं आणि त्यांनी ते कधीच पाहिलं नव्हतं. लग्नाच्या आधीच सासऱ्यांनी ते विकलं होतं. "समुद्रापलीकडचं कुरण मला पाठ आहे," त्या म्हणाल्या, "आणि हे इथलं माहीत नाही." आम्ही एका दुकानात विचारलं, चर्चपाशी विचारलं. शेवटी एक शेतकरी त्याच्या पिकअपमधून पुढे निघाला आणि त्याने एका आडरस्त्याच्या कडेला बोट दाखवलं. सोयाबीन होतं, पिवळं पडत आलेलं. घर नव्हतं, ते कधीच पाडलं होतं. "तिथे विहीर होती," शेतकरी म्हणाला, "माझ्या वडिलांनी बुजवली." बाईंनी त्याचे आभार मानले. तो गेल्यावर त्या शेताच्या कडेला उभ्या राहिल्या. मी गाडीपाशीच थांबले. वारा होता. त्यांनी स्कार्फ सोडून पुन्हा बांधला आणि परत आल्या.

"काय वाटलं?" मी विचारलं.

"सोयाबीन चांगलं आलंय," त्या म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात माझा प्रयोग एकदाचा जमला. माझे गाइड दारातून आत आले आणि खुर्चीवर बसले, त्यावरून मला कळलं की आता संपत आलं. बाईंची मात्र गुडघ्यांनी साथ सोडली. जिना चढता येईना, मग बाहेरच्या पायऱ्याही. मुलगा त्यांना आपल्याकडे न्यायला ॲरिझोनाहून आला, आठवडाभर राहिला. मुलगा वाईट नव्हता, फक्त त्याला आईशी काय बोलावं ते समजत नव्हतं. त्याने टेबलावरचे सगळे कागद नीट खोक्यांत भरले, त्यावर लेबलं लावली आणि आईला विचारलं, "हे घेऊन जायचंय का?" त्या म्हणाल्या, "बायकोचे घे. नाइटचे तुझ्या काकाला दे, त्याच्याकडे शर्ट आहेत." ते तसंच झालं.

निघताना बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी वाकून नमस्कार केला. तो त्यांना समजला नसावा, कारण त्यांनीही थोडं वाकायचा प्रयत्न केला आणि गुडघा धरून मागे टेकल्या. मुलाने त्यांना गाडीत बसवलं.

त्याने मला विचारलं होतं की घर विकेपर्यंत मी तिथेच राहीन का. हिवाळ्यात घर रिकामं ठेवलं तर पाइप गोठतात. कुणीतरी हीटर चालू ठेवायला हवा, अधूनमधून नळ सोडायला हवेत. मी राहिले. फर्निचर गेलं. जेवणाच्या खोलीत टेबलाच्या पायांचे चार ठसे आणि भिंतीवर नकाशाच्या आकाराचा उजळ चौकोन. प्रबंध लिहायला एवढी शांत जागा पुन्हा मिळाली नसती, पण मी तिथे फारसं लिहिलं नाही. लॅबमधून आल्यावर सगळ्या खोल्यांतून एकदा फिरायचे, नळ सोडायचे, बंद करायचे आणि स्वयंपाकघरात हीटरच्या जाळीजवळ पाय ठेवून भात खायचे. बोलायला कुणी नव्हतं. आधीही फार बोलत नव्हतोच, पण न बोलणाऱ्या दोघी असणं निराळं होतं.

नंतर मी न्यू जर्सीत नोकरीला लागले, एडिसनजवळ राहिले, तिथे दुकानात उभं राहिलं की चारही बाजूंनी आपली भाषा ऐकू यायची. बाईंना मी फोन करायचे, त्या दोन मिनिटांत "बरं, बोलू" म्हणायच्या. काही वर्षांनी मुलाचा फोन आला की त्या गेल्या.

पण त्या रिकाम्या घरातले शेवटचे दिवस मला जास्त आठवतात. एजंट एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला होता. नवरा तळघरात हीटर बघायला गेला, आणि बायको कडेवरच्या बाळाला घेऊन माझ्याजवळ स्वयंपाकघरात थांबली. तिने विचारलं, "शेजार कसा आहे इथला?"

"मला फारसं माहीत नाही," मी म्हणाले. मग वाटलं, एवढंच सांगणं बरोबर नाही, म्हणून म्हणाले, "समोरचे गृहस्थ सकाळी तुमच्याही पायवाटेवरचं बर्फ काढून देतात. सांगावं लागत नाही."

"हे बरं आहे," ती म्हणाली आणि बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.